प्रवेश मिळाला, राहायचं कुठे?

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सावित्रीबाई फुल्यांचं नाव लागलेल्या विद्यापीठाची पदवी आज तुमच्या हातात आहे. तळेगाव ढमढेऱ्याच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत ही पहिलीच पदवी असेल. तुमच्यातले काही सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत रुजू होतील. ती कष्टाची, मानाची वाट आहे. पण ज्यांना एम.ए., एम.कॉम., पुढे पीएच.डी. करायची आहे आणि घरी तसं बोलायचा धीर होत नाही, त्यांच्याशी मला आज मुद्दाम बोलायचं आहे.

बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात. त्यांचं शिक्षण मध्येच तुटलं होतं, हे मात्र आपण कमी सांगतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली तिथून लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं दारात आली. कोलंबियाचा एम.ए. झालेला हा तरुण कमाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सिडनेहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत होती, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेनांनी दिलेलं कर्ज होतं. हे कर्ज देणारे भथेनाही पारशीच होते, हे विसरू नका. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. पुढे १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. जागा नसण्याचं दुःख ज्याने भोगलं, त्याच्या संस्थेचं हे काम मला फार मोठं वाटतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून हेच केलं, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. बहुजनांची पोरं शिकली ती शाळेइतकीच या बोर्डिंगांमुळे.

आजही गाडं तिथेच अडतं. प्रवेश मिळतो, पण राहायला जागा सहज मिळत नाही. शिवाय फेलोशिपची जाहिरात कधी निघते, गाइडशी काय बोलायचं, इंग्रजीतला प्रस्ताव कसा लिहायचा, हे सांगणारं घरात कुणी नसतं. पारधी वस्तीतल्या मुलाला, धनगरवाड्यावरच्या मुलीला हुशारी कमी पडत नाही, सोबत कमी पडते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भटक्या समाजातून आलेले राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये एकलव्य ही संस्था सुरू केली, ती याच सोबतीसाठी. आधी गेलेले विद्यार्थी नव्यांचे अर्ज तपासतात, मुलाखतीची तयारी करून घेतात.

प्राध्यापकांनो, दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांचे अर्ज स्वतः बसून भरून घ्या. पुण्यात ज्यांची खोली रिकामी आहे, त्यांनी भाडेकरूचं आडनाव विचारू नये. आणि पदवीधरांनो, तुम्ही ज्या विद्यापीठात जाल तिथला पत्ता, फॉर्मची तारीख, मेसचा खर्च इथल्या प्रथम वर्षाच्या मुलांना कळवा. जून उजाडायच्या आत कळवा.