कोर्टाबाहेरची वकिली

वकील म्हटले की काळा कोट, साक्षीदाराचा पिंजरा आणि उलटतपासणी डोळ्यांपुढे येते. भारतातल्या मोठ्या व्यापारी लॉ फर्म कोर्टात जातात खऱ्या, पण त्यांचे नाव झाले ते कागदावरच्या कामाने. एक कंपनी दुसरी विकत घेते, बँका मिळून कारखान्याला कर्ज देतात, एखादी कंपनी शेअर बाजारात उतरते. त्या प्रत्येक व्यवहाराचे करारनामे या फर्म बांधतात. भांडण झालेच तर ते कुठे आणि कसे मिटवायचे, हेही त्यात आधीच लिहिलेले असते.

या कामाची मुळे मुंबईच्या फोर्टात आहेत. क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या दाव्यांत, सॉलिसिटरने पक्षकार सांभाळायचा, कागद तयार करायचे आणि बॅरिस्टरने युक्तिवाद करायचा, अशी वाटणी होती. १९७० च्या दशकात कायद्याने ती संपवली. सॉलिसिटरची परीक्षा मात्र मुंबईत अजून होते, आणि ती अवघडच मानली जाते. कोलकात्यात १९११ मध्ये खेतान अँड कंपनी निघाली. तिचे संस्थापक देवीप्रसाद खेतान पुढे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटनेच्या मसुदा समितीचे सदस्य झाले.

१९९१ नंतर परकीय भांडवल आले आणि काम वाढले. पण भागीदारी पेढीत वीसहून अधिक भागीदार घेता येत नसत. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने ही अडचण दूर केली. तरीही मोठ्या पेढ्यांवर घराण्यांची पकड राहिली. १९१७ ची अमरचंद मंगलदास २०१५ मध्ये दोघा भावांत वाटली गेली: सिरिल यांची मुंबईत, शार्दूल यांची दिल्लीत. जुने नाव दोघांनीही सोडले नाही. वकिलांना जाहिरातीची बंदी असताना नाव हेच भांडवल असते, त्यामुळे ते साहजिकच होते. झिया मोदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एझेडबी मात्र २००४ ची, म्हणजे या रांगेत तरुणच.

परदेशी फर्मना दार बराच काळ बंद राहिले. मुंबई हायकोर्टाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना इथे कार्यालय थाटून वकिली करण्यास मनाई केली. येऊन सल्ला देऊन परत जाण्यापुरती मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने ठेवली. २०२३ मध्ये वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलने नियम सैल करून त्यांना परदेशी कायद्यावर सल्ला देण्याची वाट उघडली. भारतीय न्यायालयात उभे राहण्याचा हक्क त्यांना त्या नियमांनीही दिलेला नाही.