यहुदी समाजाची विद्या, न्याय आणि नवागताचा अधिकार



राज्य गेले, भूमी गेली, मंदिर जळाले. तरीही एक समाज शतकानुशतके देशोदेशी विखुरलेल्या स्थितीत आपला धर्म, आपले ग्रंथ आणि आपले न्यायशास्त्र सांभाळून राहिला. तो समाज म्हणजे यहुदी. हे कसे घडले, ह्याचा विचार मी वकिलीच्या व्यवसायात पडल्यापासून करीत आलो आहे. ह्याचे उत्तर मला तीन संस्थांत सापडते: पाठशाळा, न्यायासन आणि दाननिधी. ह्या तिन्हींची ओळख करून दिल्यावर मी आपणांपुढे एक अवघड प्रश्न ठेवणार आहे. जो जन्माने त्या समाजाचा नव्हता, अथवा ज्याच्या जन्माविषयी संशय घेण्यात आला, त्याच्या पदरात ह्या कायद्याने काय टाकले? आपणां नवदीक्षित कुटुंबांना हा प्रश्न परका नाही.

इ. स. 70 साली रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर नष्ट केले. तोवर सार्वजनिक उपासनेचे केंद्र मंदिर होते व तेथील यज्ञकर्म वंशपरंपरागत पुरोहितांच्या हाती होते. मंदिरच नाहीसे झाल्यावर धर्म कशावर उभा राहावा? परंपरा अशी सांगते, की योहानान बेन झक्काई नावाच्या पंडिताला त्याच्या शिष्यांनी शवपेटीत घालून वेढा पडलेल्या नगरीबाहेर काढले. पुढे त्याने यावने गावी विद्यापीठ चालविले. ह्या स्थित्यंतराचा अर्थ फार मोठा आहे. पुरोहिताला मान कुळामुळे मिळत असे. पंडिताला तो अध्ययनाने मिळवावा लागतो, आणि अध्ययनाचे दार गरिबाच्या मुलालाही उघडे असू शकते.

असू शकते, असे मी म्हटले. कारण ते दार आपोआप उघडत नाही. तालमूद ग्रंथात ह्याविषयी एक वृत्तान्त आहे. प्रारंभी मुलाला शिकविणे हे बापाचे कर्तव्य होते. परिणाम असा झाला, की ज्याला बाप नव्हता ते पोर अडाणी राहिले. म्हणून जेरुसलेमात शिक्षक नेमले. तरीही ज्याचा बाप होता त्यालाच तेथे आणले जाई. अखेरीस यहोशुआ बेन गमला ह्याने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसविण्याची व्यवस्था केली. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत. चाळीस झाली तर गावाने साहाय्यक द्यावा. पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमावेत, असे प्रमाणही पुढे ठरले. ही व्यवस्था बापाविना असलेल्या मुलाचा विचार करताना जन्मास आली, हे ध्यानात ठेवा. मात्र त्या शाळेत मुलगी नव्हती. मुलींसाठी त्या परंपरेतच संघटित शाळा फार उशिरा निघाल्या. 1917 साली क्राकोव शहरात सारा शेनिरेर ह्या शिवणकाम करणाऱ्या बाईने तशी एक शाळा काढली, आणि तिच्यातून शाळांचे मोठे जाळे उभे राहिले.

आता कायद्याकडे वळू. तोंडी चालत आलेले नियम सुमारे इ. स. 200 मध्ये यहुदा हानासी ह्याने मिश्ना ह्या संहितेत एकत्र केले. तिचे सहा विभाग व त्रेसष्ट प्रकरणग्रंथ आहेत. मिश्नेवरील चर्चेतून पुढे दोन तालमूद तयार झाले, एक पॅलेस्टाइनचा व एक बॅबिलोनचा. बॅबिलोनी तालमूदाच्या छापील पानावर मूळ मजकूर मध्यभागी असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो वर्षांनंतरच्या टीकाकारांची मते असतात. एकाच पानावर निरनिराळ्या शतकांतील माणसे एकमेकांशी वाद घालीत असतात. 1923 सालापासून जगभरचे अनेक अभ्यासक दररोज एकच ठराविक पान वाचतात. 2,711 पाने पुरी होण्यास सुमारे साडेसात वर्षे लागतात.

ह्या संहितेचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण म्हणजे, बहुमताने निर्णय झाल्यावरही हरलेले मत तीत नोंदलेले असते. असे का करावे, हा प्रश्न मिश्नेतच विचारलेला आहे. त्याचे एक उत्तर असे, की उद्याच्या एखाद्या न्यायासनाला ते मत योग्य वाटले, तर त्याला आधार मिळावा. हिल्लेल व शम्माई ह्यांच्या संप्रदायांतील वादात बहुधा हिल्लेलचा पक्ष मान्य झाला. त्याचे कारणही मनन करण्याजोगे दिले आहे: हिल्लेलचे शिष्य सौम्य होते, आणि आपले मत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत सांगत. ज्याने न्यायालयात उभे राहून युक्तिवाद केला आहे, त्याला हे व्रत किती कठीण आहे ते पुरते ठाऊक असते.

न्यायासनाचे नियमही तितकेच सूक्ष्म आहेत. पैशाच्या दाव्यास तीन न्यायाधीश लागत, देहान्त शिक्षेच्या खटल्यास तेवीस. अशा खटल्यात एका मताचे आधिक्य सुटकेस पुरे होई. दोषी ठरविण्यास ते पुरत नसे. मत देण्याचा आरंभ कनिष्ठ न्यायाधीशापासून होई. ज्येष्ठांचे मत आधी ऐकून धाकट्यांनी मान डोलावू नये, हा हेतू. एक पक्षकार बसलेला व दुसरा उभा, असे चालत नसे. एक भरजरी वस्त्रात व दुसरा फाटक्या कपड्यात आला, तर श्रीमंताला सांगावे, की तू त्याच्यासारखा वेष कर किंवा त्याला तुझ्यासारखा वेष दे. आणि हे न्यायासन देशाच्या कायद्याशी भांडण मांडणारे नव्हते. तिसऱ्या शतकात बॅबिलोनमधील शमुएल ह्या पंडिताने असे तत्त्व घालून दिले, की राज्याचा कायदा यहुद्यांवरही बंधनकारक आहे.

दाननिधीविषयी थोडक्यात सांगतो. निधी गोळा करण्यास किमान दोघांनी जावे व वाटप तिघांनी करावे, असा दंडक होता. एकट्या माणसाच्या हाती सार्वजनिक पैसा राहू नये, ही दक्षता त्यात दिसते. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ मैमोनिडीस ह्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी भिक्षेची नाही. माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही ती पायरी होय.

आता तो अवघड प्रश्न. धर्मांतर करून आलेल्याला त्याच्या पूर्वीच्या आचरणाची आठवण देऊन दुखवू नये, असा मिश्नेचा स्पष्ट नियम आहे. परंतु त्याच मिश्नेत दुसरा नियम असा, की प्रार्थनेत इतर लोक 'आमच्या पूर्वजांचा देव' म्हणतात, तेथे नवागताने सभास्थानी 'तुमच्या पूर्वजांचा' म्हणावे. एकाच शब्दाचा फरक! पण दर वेळी सर्वांदेखत तो शब्द उच्चारावा लागणे म्हणजे आपण बाहेरचे आहोत, असे स्वतःच्याच तोंडाने सांगणे. ह्याविरुद्ध एक भिन्न मत पॅलेस्टाइनच्या तालमूदात नोंदलेले होते. अब्राहाम हा अनेक राष्ट्रांचा पिता असल्यामुळे नवागताचाही तो पिताच होय, असे ते मत.

बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका नवागताने मैमोनिडीसला पत्राने हाच प्रश्न विचारला. मैमोनिडीसने त्या नोंदलेल्या मताचा आधार घेऊन निर्णय दिला: इतर जसे म्हणतात तसेच तूही म्हण, तुझ्यात व आमच्यात भेद नाही. ह्याच ओबद्याला त्याच्या गुरूने एका वादात मूर्ख म्हटले होते. मैमोनिडीसने त्या गुरूची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली आणि आईबाप व जन्मभूमी सोडून आलेल्या माणसाचा गौरव केला. बाजूला पडलेले मत पुसून टाकले असते, तर ओबद्याला हा न्याय मिळणे कठीण झाले असते.

परंतु चित्राची दुसरी बाजू लपविणे माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. त्याच कायद्यात नवागताला काही अधिकारपदे वर्ज्य होती. घटस्फोटाचा लेख पतीनेच दिला पाहिजे, ह्या नियमामुळे पतीने अडवून धरलेली स्त्री पुनर्विवाह करू शकत नाही. अशा स्त्रीला त्या शास्त्रात 'बांधलेली' असाच शब्द आहे. सुमारे इ. स. 1000 मध्ये माइन्ट्सच्या गेर्शोमने बहुपत्नीत्वास व पत्नीच्या संमतीविना दिलेल्या घटस्फोटास बंदी केली, तरी ही गाठ सुटली नाही. इस्रायलमध्ये 1953 च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह व घटस्फोट धर्मन्यायालयांकडे दिले. 1995 साली आडमुठ्या पतीचा वाहनपरवाना, पारपत्र, बँकेचे व्यवहार रोखण्याचा अधिकार त्या न्यायालयांना द्यावा लागला. बहिष्काराचे शस्त्रही ह्या समाजाने वापरले. 1656 साली ॲमस्टरडॅमच्या यहुदी पंचांनी तरुण स्पिनोझाला समाजाबाहेर काढले.

आणि जन्माविषयीचा संशय तर आपल्याच कोकणच्या लोकांना भोगावा लागला. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून त्यांना पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे पडली. 1796 साली मुंबईत त्यांच्यातील सामुएल दिवेकरांनी प्रार्थनामंदिर बांधले. 1948 नंतर त्यांच्यापैकी पुष्कळजण मोठ्या आशेने इस्रायलला गेले. तेथे 1962 साली मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की त्यांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. पिढ्यान् पिढ्या शब्बाथ पाळलेल्या घरातील वधूला आपल्या आजीपणजीचा पुरावा द्यावा लागणार होता! मराठी बोलणाऱ्या ह्या लोकांनी निदर्शने केली, उपोषणे केली. 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव काढले. मैमोनिडीसचे पत्र ग्रंथालयात होतेच. त्याचा न्याय रस्त्यावर उतरून मिळवावा लागला.

बंधुभगिनींनो, ह्यातून मी आपणांस एवढेच सांगेन. विद्या समाजाला टिकविते. पण टिकलेला समाज न्यायी असतोच असे नाही. त्याची परीक्षा बापाविना असलेले मूल, अडवून धरलेली स्त्री आणि काल दारात आलेला माणूस ह्यांच्यापाशी होते. आपल्या विहाराची व मंडळाची कामे चालविताना इतके करा: सभेच्या इतिवृत्तात विरोधी मतही लिहून ठेवा, पैशाचा हिशेब एकट्याकडे सोपवू नका, मत विचारताना तरुणांपासून व स्त्रियांपासून आरंभ करा. आणि जो नव्याने येईल त्याची जुनी जात, जुने गाव, जुनी देवघरे ह्यांची चौकशी दारातच करू नका. त्याच्या तोंडी 'तुमचे' हा शब्द उरता कामा नये. 'आमचे' म्हणण्याचा त्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून पुरा आहे.

जयभीम.