पावसाचा अंदाज आणि शिकणारे यंत्र

(खानवेल येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत केलेले भाषण)



साकरतोंड नदीच्या काठी वसलेल्या खानवेलमध्ये पावसाविषयी बोलावयाचे, म्हणजे जाणत्यांपुढे बोलणे आहे. राब भाजला, भाताचे बी पेरले आणि पहिल्या सरींनंतर पावसाने पंधरा दिवस पाठ फिरविली, तर कोवळे रोप करपते, पदरचे बियाणे जाते आणि दुबार पेरणीसाठी उसनवारी करावी लागते. म्हणून ‘पाऊस केव्हा येईल?’ यापेक्षा ‘आलेला पाऊस टिकेल काय?’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा होय. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक नवी रीत शास्त्रज्ञांच्या हाती आली आहे. तिला ‘डीप लर्निंग’, म्हणजे सखोल अध्ययन, असे म्हणतात.

अंदाजाच्या दोन वाटा

अंदाज बांधण्याची पहिली वाट अनुभवाची. टिटवीने अंडी कोठे घातली, मुंग्या बिळे सोडून कोठे निघाल्या, वारा कोणत्या दिशेने फिरला, यांवरून आपले वाडवडील अनुमान काढीत. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागानेही प्रारंभी हीच वाट निराळ्या साधनांनी चोखाळली. हिमालयावरील बर्फ पाहून हेन्‍री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली मोसमी पावसाचा अंदाज वर्तविला. तर १९०४ पासून विभागाची धुरा वाहणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींचा भारतातील पावसाशी संबंध शोधला.

दुसरी वाट भौतिकशास्त्राची. वायूचा दाब, उष्णता, बाष्प व वारे यांची समीकरणे मांडून उद्याचे आकाश गणिताने काढावयाचे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ पासून संशोधन करीत आहे. तेथे २०२४ साली कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लक्ष कोटी गणिते, एवढी आहे. या संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देते.

यंत्र शिकते कसे?

सखोल अध्ययन म्हणजे पहिल्या वाटेचाच राजमार्ग होय. शिक्षक मुलाला उजळणी करून घेतात, तसाच हा प्रकार आहे. गतकाळातील एका दिवसाची हवा यंत्राला दाखवावयाची आणि पुढील हवा विचारावयाची. उत्तर चुकले, की प्रत्यक्ष नोंदीशी ताडून यंत्र आपल्या आतील आकड्यांत किंचित बदल करते. अशा असंख्य आवर्तनांनंतर कशामागून काय येते, हे त्याच्या अंगवळणी पडते. ‘ग्राफकास्ट’ नावाची प्रणाली १९७९ ते २०१७ या काळातील नोंदींवर अशीच शिकली. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा दिवसांचा जागतिक अंदाज देण्यास तिला एक मिनिटही लागत नाही.

आपल्या देशाजवळ या कामी मोठे भांडवल आहे. हवामान विभागाने १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस, ६,९५५ स्थानकांच्या नोंदी जुळवून, पाव अंशाच्या चौकटींत मांडून ठेवला आहे. या नोंदींवरून मोठ्या चौकटीतील पावसातून लहान चौकटीतील पाऊस ओळखावयास यंत्राला शिकविण्याचे प्रयोग पुण्याच्या संस्थेत झाले आहेत.

२०२५ चा अनुभव

२०२५ च्या खरिपात या विद्येची परीक्षाच झाली. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात व २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. परंतु त्यानंतर त्याची आगेकूच जवळजवळ तीन आठवडे थांबली. केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या वर्षी अशा शिकलेल्या प्रणालींच्या साहाय्याने तेरा राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज भ्रमणध्वनीवर कळविले होते. या खंडाची सूचनाही त्यांत होती. लवकर आलेल्या सरीला भुलून पेरणी करावी की थांबावे, हा निर्णय ज्याच्या घरात बियाण्याची एकच गोण आहे, त्याच्यासाठी केवढा मोठा असतो!

मर्यादाही ओळखाव्या

तथापि हे यंत्र म्हणजे देवऋषी नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरात कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. असे दिवस नोंदींत विरळा असल्याने यंत्र ते पुरेसे शिकलेले नसते आणि अतिवृष्टी कमी लेखण्याचा संभव राहतो. शिवाय पृथ्वीचे तापमान वाढत असताना कालच्या अनुभवावर उद्याचा भरवसा किती ठेवावा, हाही प्रश्न आहे. यंत्र उत्तर देते, पण कारण सांगत नाही. म्हणून दोन्ही वाटा एकत्र चालविण्याकडे शास्त्रज्ञांचा कल आहे.

आपले कर्तव्य

जेथे नोंद नाही, तेथे यंत्रही आंधळेच. शिक्षक बंधूंनी शाळेत पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांकडून पाऊस मोजून घ्यावा. एका शाळेची वही लहान वाटेल. परंतु डोंगराच्या अलीकडचा व पलीकडचा पाऊस वेगळा असतो, हे तीच वही दाखवील.

२४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत स्तरावरील अंदाज देण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. तो अंदाज फलकावर लावून कर्मचाऱ्यांनी थांबू नये. वाचता न येणाऱ्या वृद्धेलाही तो वारली, कोकणा वा धोडिया बोलीत समजेल, अशी तजवीज करावी. पिवळा इशारा सावधतेचा, नारिंगी तयारीचा, लाल तातडीच्या कृतीचा, एवढे प्रत्येक घरी ठाऊक असावे. शेतकरी बांधवांनी अंदाज ऐकावा, जाणत्यांना विचारावे आणि शक्य तेथे सर्व बियाणे एकाच वेळी पेरू नये.

पाऊस पाडणे कोणाच्याच हाती नाही. परंतु तो थांबणार असल्याची वार्ता बी जमिनीत पडण्यापूर्वी शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे, आणि ते काम पुण्यातील महासंगणक करणार नाही; ते आपणच करावयाचे आहे.

जय हिंद!