एलडीएच 'हाय' आलं म्हणजे कॅन्सरची स्टेज वाढली का?

आपल्या शिरूर-दौंडकडे हल्ली रिपोर्ट आधी व्हॉट्सॲपवर येतो, डॉक्टर नंतर भेटतात. घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर नजर एकाच ओळीवर अडकते : एलडीएच, 'हाय'. मग घरभर घबराट, स्टेज वाढली की काय?

एलडीएच हे एन्झाइम, म्हणजे विकर : पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. बऱ्याच गाठी ऑक्सिजन असूनही साखर भराभर वापरून लॅक्टेट तयार करतात. ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवलं. त्यातली शेवटची पायरी एलडीएचची.

आता हे मोजतात कसं? साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. मशिनं किती, हा एक प्रश्न. दिवसाला ऊस किती टन गाळला, हा दुसरा. एन्झाइमची ॲक्टिव्हिटी म्हणजे हे गाळप. संशोधक ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा आणि शेजारचा निरोगी तुकडा लगेच गोठवतात. नंतर तो थंडच ठेवून वाटतात, त्यात पायरुवेट आणि एनएडीएच घालतात. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. ते मिनिटाला किती खर्च झालं, यावरून कामाचा वेग कळतो. त्याला नमुन्यातल्या प्रथिनाच्या वजनाने भागलं, की वेगवेगळ्या स्टेजच्या गाठींची तुलना करता येते. बायोप्सीचा नेहमीचा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्ये जातो, तिथं एन्झाइमचं काम बंद पडतं.

पण तुमच्या रिपोर्टमधला आकडा गाठीतला नाही, रक्तातला आहे. एलडीएच लिव्हर, हृदय, स्नायू, तांबड्या पेशी, सगळीकडे असतं. रक्त काढताना किंवा लॅबपर्यंत नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा चढतो. वृषणाच्या कॅन्सरमध्ये स्टेज ठरवताना तो धरतात. तोंडाच्या कॅन्सरची स्टेज मात्र गाठीचा आकार, खोली, मानेतल्या गाठी आणि आजार दुसरीकडे पसरलाय का, यावर ठरते.

म्हणून 'हाय' दिसलं की गूगल न करता डॉक्टरांना विचारा. आणि 'नॉर्मल' दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका. घरात कुणी तंबाखू, गुटखा खातं, मिश्री लावतं? तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंड उघडेना, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. सरळ दाखवायला घेऊन जा. स्टेज लवकरची असेल तर बरं होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात!