दैव, प्रयत्न आणि एक रुपयाचा दंड

बरे होणे किंवा न होणे आधीच ठरलेले असेल, तर आजाऱ्याने वैद्य कशाला बोलवावा? ग्रीक तत्त्वज्ञांमध्ये हा ‘आळशी युक्तिवाद’ म्हणून प्रसिद्ध होता. स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपसचे उत्तर असे : बरे होणे ठरलेले असेल, तर वैद्याला बोलावणेही त्याबरोबरच ठरलेले असते. म्हणजे प्रत्येक घटनेला कारण असते असे मानल्याने प्रयत्न व्यर्थ ठरत नाही. तो स्वतःच एक कारण असतो. दैववादी नेमके हेच विसरतो. भारतात आजीवक पंथाच्या मक्खली गोसालाने नियतीपुढे पुरुषार्थच नाकारला, आणि बुद्धाने त्या मताचा कडक निषेध केला.

कर्मसिद्धान्त याहून वेगळा आहे. त्यात भोग स्वतःच्याच कर्माचा असल्याने जबाबदारी शिल्लक राहते; पण मागचा जन्म तपासता येत नाही, आणि दुसऱ्याच्या दारिद्र्याचे समर्थन करणाऱ्यांना ते फार सोयीचे पडते. जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (1891) प्रारब्धाची कल्पना धुडकावली. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण लिहून कर्माचे बंधन मानले आणि आत्म्याचे स्वातंत्र्यही राखले. तेच टिळक वेदोक्त प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांना वैदिक मंत्रांनी विधी करण्याचा अधिकार आहे का या वादात, महाराजांच्या विरोधात होते. तात्त्विक मतावरून माणसाची सामाजिक बाजू ओळखता येतेच असे नाही.

कोल्हापूर संस्थानात दैव आणि प्रयत्न यांचा हा वाद सरकारी हुकमापर्यंत पोचला. 1902 मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. या दंडामागचे तत्त्वज्ञान पाहण्यासारखे आहे. मुलाचे भवितव्य जन्माने ठरत नाही, शाळेने बदलते, हा झाला कार्यकारणभाव. पालकाला वेगळे वागता आले असते, म्हणून तो दंडास पात्र, हे झाले इच्छास्वातंत्र्य. दोन्ही गृहीतके एकाच कायद्यात नांदतात. जागा नाही ती फक्त दैवाला.

पेच मात्र राहतोच. पोराच्या मजुरीवर ज्याची चूल पेटते, त्या बापाला वेगळे वागण्याची मोकळीक कितपत होती? स्वातंत्र्य म्हणजे आड येणारे कोणी नसणे, एवढीच व्याख्या केली तर तो मोकळा ठरतो. पर्याय खरोखर हाती असणे असा अर्थ घेतला, तर दंडाआधी त्याच्या मजुरीचा विचार करावा लागतो.