आज्जी कुठं गेली?



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यांची माफी मागून तो बाजूला ठेवते. त्यावर बोलणारे इथं माझ्याहून हुशार दोघे-तिघे बसलेत. मी बोलणार आहे ते अडीच वर्षांच्या मुलीसाठी मानसोपचार शोधण्याबद्दल. ती मुलगी माझी.

हसू नका. मला स्वतःलाही तेव्हा वाटलं होतं, अडीच वर्षांच्या लेकराला कसलं आलंय मन आणि कसले उपचार! खरं तर आपल्या पिढीला हे कळायला हवं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती बुडवून आपण झोपलो होतो आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीकडची माणसं गेली. आपण येरमाळ्याचे वाचलो, पण कित्येक रात्री घराबाहेर अंथरुणं टाकली. शाळा पुन्हा भरली तेव्हा सरांनी पुस्तक उघडलंच नाही. लिंबाखाली बसवलं आणि म्हणाले, एकेकानं उठून काय वाटलं ते सांगा. शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा रडली. सर, तुम्ही मानसशास्त्र शिकला होतात की नाही, मला माहीत नाही. पण आपण आठवीत होतो, ‘भीती वाटते’ हे शब्द आपल्याजवळ होते. अडीच वर्षांच्या पोरीजवळ ते नसतात.

एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात आईला कोरोना झाला. आमच्या आईच्या हातचे धपाटे तुमच्यातल्या निम्म्यांनी खाल्लेत. मुलगी झाल्यापासून आई आमच्याकडेच होती, मी दिवसभर लॅपटॉपसमोर आणि लेक आजीच्या मांडीवर. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, आईला अँब्युलन्समध्ये घेऊन गेली. नवव्या दिवशी ती गेली. आम्हाला धड तोंडही बघता आलं नाही. मुलगी विचारायची, ‘आज्जी?’ पहिले काही दिवस मी सांगितलं, आज्जी दवाखान्यात झोपलीय. नंतर सांगितलं, आज्जी गावाला गेली.

जूनपर्यंत तिचं बोलणं थांबलं. ‘आज्जी पानी दे’ अशी वाक्यं बोलणारी पोर एक शब्द काढेना. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खाईना. रात्री डोळे मिटायला लागले की दचकायची आणि बोटांनी स्वतःच्या पापण्या ओढून धरायची. दिवसा मात्र कोपऱ्यात गप्प. नातेवाईक म्हणायचे, किती शहाणी, आजीची आठवणसुद्धा काढत नाही. गावाकडून चुलती फोनवर म्हणाली, ‘लेकरू हाय, इसरंल.’ तिनं मायेनंच म्हटलं होतं.

हे गप्प बसणं शहाणपण नसतं, हे मी नंतर वाचलं. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं १९५२ साली एक साधी फिल्म केली होती. दोन वर्षांची मुलगी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात राहते, आई फक्त भेटीपुरती येते. पोर फार रडत नाही, नुसती मिटत जाते. ती फिल्म पाहून पुष्कळ डॉक्टर चिडले होते म्हणे. पण लहान मुलांच्या वॉर्डात आईबापांना मोकळेपणानं येऊ द्यावं, हा विचार तिथं पुढच्या काही वर्षांत रुजला, त्यात या फिल्मचा वाटा होता.

आता शोधाबद्दल. बालरोगतज्ज्ञांनी आधी कान तपासायला लावले, वाढ तपासली. ते योग्यच होतं. सगळं ठीक निघालं. पुढं काय, हे मात्र कुणी सांगेना. इंजिनिअर असल्यामुळे मी एक्सेल उघडलं. एकोणीस नावं झाली. अर्ध्याहून जास्त जण म्हणाले, पाच वर्षांखालची मुलं घेत नाही. एकीनं सांगितलं, आधी बोलायला लागू द्या, मग आणा. म्हणजे ताप उतरल्यावर दवाखान्यात या! एका ठिकाणी मेंदू तल्लख करण्याचा कोर्स होता, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. मी भरले. तीन वेळा जाऊन बंद केलं. पैशांपेक्षा त्या सहा आठवड्यांचं जास्त वाईट वाटतं. तेव्हा मला एवढंही माहीत नव्हतं, की समुपदेशक अशी पाटी कुणीही लावू शकतो, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती आपण विचारू शकतो. यादीत तो रकाना मी नंतर घातला.

सोळाव्या नावावर एक बाई भेटल्या. लॉकडाऊनमुळे व्हिडिओवरच. म्हणाल्या, ‘मोबाईल फरशीवर ठेवा आणि तुम्ही दोघी खेळा. शिकवायचं नाही, हा रंग कोणता विचारायचं नाही. ती जे करेल ते तुम्ही करा.’ रोज वीस मिनिटं. पहिला आठवडा मला छळ वाटला. माझं काम चुका शोधायचं, आणि इथं काहीच दुरुस्त करायचं नव्हतं.

लेक एकच खेळ खेळायची. बाहुलीला स्टीलच्या डब्यात आडवं ठेवायची, झाकण लावायची, उघडून बघायची, परत लावायची. मला बघवेना, मी डबा उचलायला गेले. बाई म्हणाल्या, ‘थांबवू नका.’ मग विचारलं, ‘आजीबद्दल घरात काय सांगितलंय?’ मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘झोपलेली आजी परत आली नाही. मग ही कशी झोपेल?’

मित्रांनो, त्या रात्री मीही झोपले नाही.

त्यांनी सांगितलं, खरं सांगा, सोप्या शब्दांत, पुन्हा पुन्हा. आणि गावाला गेली म्हणालात ना, तर गावालाच जाऊन सांगा. दिवाळीत आम्ही इथं आलो. पोरीनं घर पालथं घातलं. स्वयंपाकघर, न्हाणी, माळवदाचा जिना, कणगीच्या मागं. मग ओसरीवर बसून मी म्हटलं, ‘आज्जीचं शरीर बंद पडलं. ती मेली. ती झोपलेली नाही. ती आता परत येणार नाही. मी इथं आहे.’ ‘मेली’ हा शब्द ऐकून चुलती उठून आत गेली. तिला तो अभद्र वाटला, मलाही जड गेला. लेक बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, ‘चश्मा?’

पाच महिन्यांतला तिचा पहिला शब्द. आईचा चष्मा मी पर्समध्ये बाळगत होते. तो आता तिच्या डब्यात असतो.

लगेच सगळं सुरळीत झालं नाही. सव्वा वर्ष उपचार चालले. आज ती पहिलीत आहे, अखंड बडबड करते, पण दिवा लावूनच झोपते. मी रात्री कामाच्या मीटिंगला बसले की दोनदा येऊन बघून जाते.

आपल्या बॅचमधल्या दोघी अंगणवाडी सेविका आहेत, तिघी-चौघी जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं, आणि त्यात विकासातला उशीरही बघायचा असतो. पथक आलं की वजन-उंचीवर थांबू देऊ नका. गप्प झालेलं, झोप उडालेलं, एकदम मागं गेलेलं लेकरू मुद्दाम दाखवा. अंबाजोगाई, लातूर, सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. मला हा नंबर तेव्हा मिळाला नसता, तो २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला.

माझी एकोणीस नावांची यादी आता एकतीसवर गेलीय. कोण किती लहान मुलं घेतं, फी किती, नोंदणी आहे का, व्हिडिओवर बघतात का, असे रकाने आहेत. कुणाला हवी असेल तर बॅचच्या ग्रुपवर नको, मला वेगळा मेसेज करा. कुणासाठी हवी आहे, ते मी विचारणार नाही.