अनुदान पासबुकाचं की कसणाऱ्याचं?



मी सैन्यातून निवृत्त झालो आणि सिकंदराबादला राहतो. वडिलोपार्जित आठ एकर शेती तेलंगणातच, आदिलाबादजवळ आहे. काळी जमीन, कापूस आणि तूर. तिकडे कितीतरी घरांत मराठी बोलतात, सरकारी कागद मात्र तेलुगूत. जमीन माझ्या नावावर आहे, पण ती कसतो गावातला एक शेतकरी, मक्त्यानं. तेलुगूत त्याला 'कौलु रैतु' म्हणतात. सरकारचा पैसा आम्हा दोघांपैकी कुणाला मिळतो, एवढंच आज सांगायचं आहे.

मे २०१८ मध्ये तेलंगणानं 'रैतु बंधु' सुरू केली. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा असला की सावकाराचं दार नको, हा हेतू. एका हंगामाला एकरी ४ हजार, पुढच्या वर्षापासून ५ हजार. म्हणजे दोन हंगामांचे एकरी १० हजार. हेतू चांगलाच होता. पण पैसे कुणाला? पट्टादार पासबुकावर ज्याचं नाव, त्याला. एकरांची मर्यादाही नव्हती.

आता हिशोब बघा. आठ एकरांचे वर्षाला ८० हजार माझ्या खात्यात. केंद्राच्या पीएम-किसानमध्ये महिना १० हजारांच्या वर पेन्शन घेणारा माझ्यासारखा माणूस बाद होतो. इथं तशी अट नव्हती. आणि बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी कोण भरतो? तो. बोंडअळी आली तर बुडतो कोण? तोच. मी ती रक्कम मक्त्यातून वजा करतो. पण ती माझी मर्जी झाली. उद्या माझ्या मुलांनी नाही म्हटलं, तर तो कुठं दाद मागणार?

'रैतु बीमा' तर त्याहून गंभीर. १८ ते ५९ वयाचा शेतकरी गेला, तर कुटुंबाला ५ लाख. हप्ता सरकार भरतं. पण तिथंही पासबुकच लागतं. दुसऱ्याच्या रानात राबणारा गेला, तर त्याच्या बायकोच्या हाती काय?

जानेवारी २०२५ पासून 'रैतु भरोसा' नावानं एकरी १२ हजार झाले. भूमिहीन मजूर कुटुंबांसाठी वेगळी योजना आली. रक्कम वाढली, आधार मात्र पासबुकच राहिला.

फौजेत सियाचिनचा भत्ता चौकीवर उभ्या असलेल्या जवानाला मिळतो. तो कुणाच्या जमिनीवर उभा आहे, हे कुणी विचारत नाही. शेतीतही हेच करता येतं. ओडिशानं 'कालिया' योजनेत बटईदारांना घेतलं. आंध्रानं २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या कराराचा कायदा केला. अडतं कुठं? मालकाच्या सहीवर. सही केली की कूळ लागेल, ही भीती. पण त्या करारानं मालकी हक्काला धक्का लागत नाही. मालक बिचकतात ते ऐकीव गोष्टींनी.

म्हणून सरकारला सांगणं असं, की दर हंगामात प्रत्यक्ष कोण पेरतो याची नोंद बांधावर जाऊन करा, आणि ती मालकीच्या नोंदीपासून वेगळी ठेवा.

आणि तुम्हाला विनंती. हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण शहरात राहतात आणि गावाकडची जमीन दुसऱ्याला करायला देतात. आपल्या राज्यातला नियम वाचा, आणि कसणाऱ्याला निदान लेखी करार द्या. त्या एका कागदावर त्याला बँकेच्या दारात तरी उभं राहता येईल.

जय हिंद.